पिलबाग ठेवायची की नवती (नवी लागवड) लावायची?

या आठवड्याचं पत्र यावल तालुक्यातून आलंय. थोडं छाटून देते.

"ताई, नमस्कार. मी फैजपूरचा, वय ३५. २०१२ ला बीसीए केलं, पुण्याला न जाता इथंच वेबसाइटचा धंदा टाकला. पीएचपी, जेक्वेरी आणि बूटस्ट्रॅप या साइट बनवायच्या तीन साधनांवर इतकी वर्षं संसार चालला. आज ४० साइट माझ्याकडे आहेत. सराफ, केळीचे व्यापारी, कृषी केंद्रं, दोन शाळा, एक मंगल कार्यालय. काही बदल सांगितला की साइट जिथे ठेवलीय तिथल्या सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन जागच्या जागी करून देतो. अकरा साइट अजून पीएचपी ५.६ वर आहेत, त्यात एक शाळा, पण चालतात. गेल्या महिन्यात एका सराफांचा मुलगा पुण्याहून आला. म्हणाला, हे जेक्वेरी वगैरे मेलेलं आहे, रिअ‍ॅक्ट या नव्या साधनात करून द्या, नाहीतर दुसरा बघतो. त्यातच माझ्या भाच्यानं एआयला सांगून एका दुपारात मंगल कार्यालयाची नवी साइट उभी केली, माझ्यापेक्षा देखणी. पुण्यात फुल स्टॅकचा, म्हणजे साइटचं दिसणारं आणि आतलं सगळं काम शिकवणारा, सहा महिन्यांचा कोर्स आहे, फी ८५ हजार. बायको म्हणते, दागिने मोडू पण करा. मला वाटतं सगळं बंद करून खत-बियाण्याचं दुकान टाकावं. काय करू? आणि एक, मराठी मथळ्यांची अक्षरं माझ्या साइटवर तुटक-तुटक दिसतात, ते का?"

भाऊ,

दागिने मोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही आणि वहिनी दोघंही शांतपणे वाचाल.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मीही रिअ‍ॅक्टपाशीच थांबले. दुसऱ्यांदा नजर अडकली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन शब्दांत, 'पण चालतात'. सराफांचा मुलगा, भाचा, पुण्याचा कोर्स यांच्यावर पानभर लिहिलंत, आणि ज्यानं माझी झोप उडाली असती ते एका ओळीत उरकलंत. पीएचपी ५.६ ची सुरक्षा-दुरुस्ती ३१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. त्यानंतर त्यात सापडलेली भोकं बुजवायला पीएचपीची मंडळी आलेली नाहीत, येणारही नाहीत. आणि त्या अकरात एक शाळा आहे. मुलांची नावं, पालकांचे फोन नंबर.

तुम्ही ५.६ वर का अडकलात तेही सांगते. तुमच्या कोडमध्ये जागोजागी 'मायएसक्यूएल_क्वेरी' आहे, डेटाबेसला माहिती मागायची जुनी आज्ञा. बरोबर ना? त्या काळात आपल्याकडच्या क्लासांत सगळ्यांना तेच शिकवलं. पीएचपी ७ डिसेंबर २०१५ मध्ये आलं आणि त्यात ते सगळं जुनं खटलं मुळासकट काढून टाकलं. म्हणून साइट ७ वर नेली की पांढरं पान दिसतं, पोटात गोळा येतो, आणि माणूस गुपचूप परत ५.६ चं बटण दाबतो. मीही दाबलंय.

पण ते काढलं त्याला कारण होतं. त्या जुन्या पद्धतीत आपण फॉर्ममध्ये आलेला मजकूर उचलून सरळ क्वेरीच्या वाक्यात चिकटवायचो. कोणी 'नाव' च्या चौकटीत नावाऐवजी एक अवतरणचिन्ह टाकलं आणि पुढे स्वतःची आज्ञा लिहिली, की डेटाबेस बिचारा तीही पाळायचा. पीडीओ (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची नवी सोय) आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरलं तर वाक्य आधी वेगळं जातं आणि माहिती मागून वेगळी. मग चौकटीत कोणी काहीही खरडो, ते माहितीच राहतं, आज्ञा होत नाही. पासवर्ड एमडी५ या जुन्या, सहज फुटणाऱ्या पद्धतीत ठेवले असतील, असणारच, तर तेही 'पासवर्ड_हॅश' वर न्या. हे फंक्शन २०१३ च्या पीएचपी ५.५ पासून आहे, म्हणजे तुम्ही धंदा टाकला त्याच्या दुसऱ्या वर्षी आलंय.

यावल-रावेरच्या माणसाला केळीची पिलबाग काय ते मी सांगायला नको. पहिला घड उतरला म्हणून कोणी सगळी बाग नांगरत नाही. बुंध्याशी जोमदार पिल असेल तर ते राखतात, त्यावर दुसरं पीक घेतात, रोपांचा आणि मशागतीचा खर्च वाचतो. सीएमव्ही हा विषाणूचा रोग लागलेलं झाड मात्र दयामाया न करता उपटतात, नाहीतर शेजारची ओळही जाते. तुमच्या २९ साइट म्हणजे पिलबाग आहे. या अकरा साइटमध्ये रोग शिरलाय. आणि सगळीच बाग मोडून रिअ‍ॅक्टची नवती लावा असा सल्ला तुम्हाला देतोय तो, ज्यानं बाग रस्त्यावरून पाहिलीय.

काम असं करा. एका साइटची फाइलींसकट, डेटाबेससकट पूर्ण प्रत लॅपटॉपवर उतरवा. तिथे पीएचपी ८ लावा, चुका दाखवायची सोय चालू करा आणि एकेक चूक काढत जा. तुमच्या साइट तुम्हीच लिहिल्यात, त्यामुळे पहिलीला आठवडा लागेल, पाचवीला दोन दिवस. शाळा पहिली घ्या. हे करताना गिट, म्हणजे फाइलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, शिका, कारण फाइल मॅनेजरमध्ये जागच्या जागी दुरुस्ती म्हणजे चालत्या मोटरसायकलची साखळी बसवणं. लिनस टोरवाल्ड्सनं गिट २००५ मध्ये लिहिलं, म्हणजे ही काही कालची फॅशन नाही. सहा-सात आज्ञा पुरतात. काल रात्री साइट कशी होती, ते सकाळी परत आणता येणं एवढ्यासाठीच शिकायचं.

आता तुमचं रिअ‍ॅक्ट. फेसबुकनं ते मे २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि त्यांची गरज खरी होती. एकाच पानावर संदेश येतायत, लाइक वाढतायत, सूचनांचा आकडा बदलतोय, आणि एक गोष्ट हलली की पानावर पाच ठिकाणी हलायला हवी. हे जेक्वेरीनं हातानं करायला गेलं की दोऱ्यांचा गुंता होतो. रिअ‍ॅक्ट म्हणतं, तू फक्त माहिती बदल, पान मी जुळवून घेतो. झकास कल्पना आहे, मला आवडते. पण सराफांच्या पानावर दिवसाकाठी बदलतं काय? सोन्याचा भाव आणि चांदीचा भाव. दोन आकडे.

जग कुठून कुठे गेलं ते आपल्या भाषेत सांगते. पाहुण्याला मांडे खाऊ घालायचे दोन मार्ग. एक, आपल्या चुलीवर खापर उपडं घालायचं, मांडा भाजायचा आणि गरम वाढायचा. पीएचपी १९९५ पासून हेच करतंय. पान सर्व्हरवर, म्हणजे साइट ठेवलेल्या संगणकावर, तयार होतं, ब्राउझरनं फक्त दाखवायचं. दुसरा मार्ग, पाहुण्याच्या घरी कणीक, पुरण आणि खापर पाठवायचं, आणि म्हणायचं तुमचं तुम्ही भाजा. रिअ‍ॅक्टच्या सुरुवातीच्या वर्षांत सगळी तरुण मंडळी या दुसऱ्या मार्गानं गेली. त्याला सिंगल पेज अ‍ॅप म्हणायचे. पाहुण्याची चूल दांडगी असेल, म्हणजे नवा आयफोन आणि वायफाय, तर काही बिघडत नाही. एसटी स्टँडवर उभ्या माणसाच्या सात-आठ हजारांच्या फोनला मात्र ते खापर पेलवत नाही. तो पांढऱ्या पानाकडे बघत बसतो आणि मग तुमच्या व्यापाऱ्याऐवजी दुसऱ्याला फोन लावतो.

हे कळल्यावर मंडळी परत सर्व्हरकडे वळली. २०१६ ला आलेलं, रिअ‍ॅक्टवर उभं असलेलं नेक्स्ट जेएस याच वळणावरचं. ते मांडा भाजून पाठवतं आणि सोबत कणीक-खापरही पाठवतं, म्हणजे पुढचे मांडे पाहुण्याला घरच्या घरी करता यावेत. या दुहेरी पाठवणीला 'हायड्रेशन' असं पाणीदार नाव आहे. त्याचंही ओझं व्हायला लागलं, तेव्हा रिअ‍ॅक्टवाल्यांनीच सर्व्हर कॉम्पोनंट आणले. जो मांडा पुन्हा भाजायचाच नाही त्याचं खापर पाठवू नका. म्हणजे वर्तुळ फिरून जवळपास तुमच्याच दारात आलंय. दारात झाडलोट तेवढी नाही.

मी स्वतः नवती लावून बसलेली बाई आहे. दहा-एक वर्षांपूर्वी एका बियाणे वितरकाचं ऑर्डर घ्यायचं काम मी तेव्हाच्या एका गाजलेल्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे कोडच्या तयार सांगाड्यात, केलं. त्याचं नाव घेत नाही, दोष माझ्या घाईचा होता. दीडेक वर्षात त्याची नवी आवृत्ती आली. नाव तेच, आतलं सगळं निराळं, जुन्यावरून नव्यावर जायचं म्हणजे जवळजवळ पुन्हा लिहायचं. मी पुन्हा लिहिलं, रात्री जागून, आणि त्याचे पैसे मागायची हिंमत झाली नाही. गंमत म्हणजे त्याच वितरकाची मी २००९ ला केलेली साधी एचटीएमएल पानं अजून उघडतात. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत बनवलेलं आणि १९९१ मध्ये जगाला खुलं झालेलं पहिलं संकेतस्थळसुद्धा आज तुमच्या फोनवर उघडतं. ब्राउझर जुनं मोडत नाहीत, फ्रेमवर्क मोडतात. त्या वर्षानंतर मी शिकायचा वेळ आधी ब्राउझरला देते, फ्रेमवर्कला उरला तर.

आणि तुम्ही मागे पडलात ते इथे, ब्राउझरपाशी. जेक्वेरी २००६ मध्ये आलं तेव्हा प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी होती आणि इंटरनेट एक्सप्लोररच्या नाकदुऱ्या काढाव्या लागत. त्याच्या शेवटच्या आवृत्तीलाही मायक्रोसॉफ्टनं जून २०२२ मध्ये निरोप दिला. आज जेक्वेरीची बहुतेक कामं ब्राउझर स्वतःच करतो. तुमची साइट न बघता सांगते, तुम्ही ते तीन गोष्टींसाठी वापरता. वरचा सरकता स्लायडर, 'चौकशी करा' ची पॉपअप खिडकी आणि उघडझाप होणारे प्रश्न. उघडझापीला एचटीएमएलचा 'डिटेल्स' टॅग आहे, जावास्क्रिप्टची (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा) एक ओळ लागत नाही. पॉपअपला 'डायलॉग' आहे, मार्च २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये. स्लायडरला सीएसएसचं, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेचं, 'स्क्रोल-स्नॅप'. मांडणीसाठी ग्रिड २०१७ पासून आहे. तुमचं बूटस्ट्रॅपसुद्धा २०२१ मध्ये पाचव्या आवृत्तीत जेक्वेरीला सोडून गेलं, तुम्ही बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्यावर असाल. जेक्वेरी म्हणजे पाप नव्हे, असेल तिथे असू द्या. नवी साइट मात्र त्याच्याशिवाय करा. हे सगळं एमडीएन या वेब-तंत्राच्या संदर्भस्थळावर फुकट वाचायला मिळतं, ८५ हजार वाचले.

सराफांच्या मुलाशी वाद घालू नका. दुकानात जा, त्यांच्या कामावरच्या मुलाचा फोन मागून घ्या, वायफाय बंद करा आणि त्यांची साइट उघडा. वर पाच फोटोंचा स्लायडर असणार, एकेक फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच, चार-चार हजार पिक्सेल रुंद. मोबाइलवर सगळे मिळून दिसायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग घरी जाऊन ते फोटो फोनच्या मापाचे करा, वेबपी या हलक्या प्रकारात बदला, प्रत्येकाला रुंदी-उंची लिहा म्हणजे फोटो आल्यावर मजकूर खाली उडी मारणार नाही. पहिला सोडून बाकीच्यांना 'लेझी लोडिंग' लावा, म्हणजे फोटो नजरेजवळ आला की मगच उतरेल. पहिल्याला लावू नका, ती चूक बरेच जण करतात. गूगल पान चांगलं म्हणतं त्याचे आकडे तीन आहेत. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट टेकवल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी (हा निकष मार्च २०२४ मध्ये बदलला, जुन्या व्हिडिओंत वेगळा सांगतात), आणि उड्या मारण्याचं माप ०.१ च्या आत राहावं. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर पत्ता टाकला की तिन्ही आकडे समोर येतात. आधीचा आणि नंतरचा असे दोन स्क्रीनशॉट सराफांच्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅप करा. उद्या त्यानं ग्राहकांना सोन्याच्या भिशीचं खातं ऑनलाइन बघायला द्यायचं ठरवलं, हप्ते, व्याज, पावत्या, तर मात्र रिअ‍ॅक्टला अर्थ आहे, आणि तेव्हा त्याचे वेगळे पैसे सांगा.

रिअ‍ॅक्ट शिकायचंच नाही का? शिका की. अकरा साइट मार्गी लागल्या की दोन महिने काढा. त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरचा धडा फुली-गोळ्याच्या खेळावरून शिकवतो, चांगला आहे. पण आधी साधी जावास्क्रिप्ट पक्की करा, २०१५ नंतरची. तिचा पाया कच्चा ठेवून रिअ‍ॅक्ट शिकणाऱ्यांना चूक आली की ती भाषेची की रिअ‍ॅक्टची हेच कळत नाही.

भाच्याचं काय करायचं? काय भो, त्याला शाबासकी द्या. अशा कामाला एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'व्हाइब कोडिंग' असं नाव दिलं, आणि पान उभं करण्याच्या कामाची किंमत त्यामुळे पडलीय हे मान्यच करायला हवं. साधी पाच पानांची साइट आठ हजारांत करून देण्याचा धंदा फार वर्षं चालेल असं मला वाटत नाही. तेवढं सांगून झाल्यावर भाच्याला शेजारी बसवून तीन गोष्टी विचारा. हॉल बुकिंगचा फॉर्म भरल्यावर माहिती जाते कुठे? नकाशाची किंवा पैसे घेण्याची गुप्त चावी ब्राउझरमध्ये 'व्ह्यू सोर्स' केल्यावर कोणालाही दिसते का? आणि एआयनं जी पंधरा-वीस पॅकेजेस, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले कोडचे तयार तुकडे, ओढून आणली ती कोणाची आहेत? शेवटचा प्रश्न उगाच नाही. मार्च २०१६ मध्ये एका लेखकानं 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज एनपीएम या पॅकेजेसच्या सार्वजनिक कोठारातून काढून घेतलं आणि जगभरातल्या मोठमोठ्या प्रकल्पांची कामं अडली. त्या ११ ओळी शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरायच्या, बस. आता भर अशी की एआय कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव ठोकून देतो, आणि चोर त्या नावाचं पॅकेज बनवून वाट बघत बसतात.

भाच्याला उत्तरं आली तर त्याला भागीदार करा. नाही आली तर तुम्ही दोघं मिळून शोधा. मी रोज एआय वापरते. तुमच्या त्या मायएसक्यूएलच्या ओळी पीडीओमध्ये बदलायला तो उत्तम गडी आहे, चार तासांचं काम चाळीस मिनिटांत करतो. फक्त त्यानं बदललेली प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय गिटमध्ये टाकू नका. लग्नाच्या तारखेला हॉल दोघांना दिला गेला तर यजमान एआयला फोन करणार नाहीत.

यातच तुमच्या पैशाचंही उत्तर आहे. साइट करून दिल्यावर 'जरा नंबर बदलून द्या', 'जरा फोटो टाका' ही कामं तुम्ही वर्षानुवर्षं चहावर करताय, खरं ना? चाळीस गिऱ्हाइकं, आणि एकाचाही वर्षाचा करार नाही. तो करा. पीएचपी अद्ययावत ठेवणं, रोजचा बॅकअप, साइटचं सुरक्षा-सर्टिफिकेट, महिन्यातून एकदा वेग तपासणं, भाव-फोटो बदलणं, हे लिहून द्या आणि वर्षाचा आकडा सांगा. दहा जण नाही म्हणतील, म्हणू द्या. शाळांना सांगा की व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, मुलांची माहिती फुटली तर 'साइटवाल्यानं केलं' म्हणून हात झटकता येणार नाहीत.

आणि खत-बियाण्याचं दुकान? टाका, पण हे बंद करून नको. आपल्या अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तूप काढायला निघालेली कंपनी पुढे विप्रो म्हणून संगणकात शिरली, तेव्हा त्यांनी तेलाचा डबा लगेच फेकून दिला नव्हता. दोन्ही धंदे कितीतरी वर्षं शेजारी-शेजारी चालले. तुमच्या गिऱ्हाइकांत कृषी केंद्रवालेच आहेत, आधी त्यांना विचारा मे महिन्यात उधारी किती अडकते.

तुमची,
ताई

ता. क. अक्षरांचं राहिलंच. तुमच्या सीएसएसमध्ये मथळ्यांना 'लेटर-स्पेसिंग' दिलेलं असणार, इंग्रजी टेम्प्लेटमधून आलेलं. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, थोडी फाकवली की ऐटदार दिसतात. आपली शिरोरेषेला टांगलेली. फाकवलीत की रेघ तुटते आणि मथळा पडलेल्या दातांसारखा दिसतो. मराठी मजकुरासाठी ते शून्य करा. 'लाइन-हाइट'ही थोडी वाढवा, नाहीतर वरचा रफार आणि खालचा उकार छाटला जातो. आणि पानाच्या सुरुवातीला भाषा 'एमआर' लिहा, तुमच्याकडे 'ईएन' असेल. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात मग ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपले येतात. हे करून झालं की भाच्याच्या त्या देखण्या साइटवर 'शुभविवाह' कसं दिसतं तेही एकदा बघून घ्या.